सेडान लोअर करताना : एकाच घराण्यातील मॉडेलांचे सस्पेन्शन वापरण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेडानची उंची थोडी कमी करून ती रस्त्यावर अधिक घट्ट बसावी, वळणावर कमी झुकावी आणि चाक व मडगार्ड यांच्यामधली मोकळी जागा कमी दिसावी, अशी इच्छा असणारे मुंबईत पुष्कळ आहेत. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी फोक्सवॅगन व्हेंटो आहे. तिच्यावर हे काम, म्हणजे सस्पेन्शनचे (चाके आणि बॉडी यांच्यामधील स्प्रिंग व शॉकअप यांचे) भाग बदलून उंची कमी करणे, मी दोनदा केले. पहिल्यांदा चुकीचे आणि दुसऱ्यांदा नीट. त्यानंतर ओळखीचे आणि अनोळखी असे अनेक जण जे प्रश्न विचारत आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

तयार लोअरिंग किट मिळत असताना दुसऱ्या मॉडेलचे भाग का शोधावेत?

कारण ते भाग मूळ कारखान्याने त्याच जागी बसण्यासाठी तयार केलेले असतात. स्प्रिंगच्या खालच्या वेढ्याचा आकार, तो ज्या रबरावर टेकतो ते रबर, शॉकअपच्या (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळीच्या) वरच्या माउंटची म्हणजे बैठकीची भोके आणि खालच्या बोल्टची जाडी यांपैकी काहीही घासून किंवा वेल्डिंग करून जुळवावे लागत नाही. चांगल्या किटलाही माझा विरोध नाही, पण बाजारात नावाशिवाय मिळणाऱ्या किटचा स्प्रिंग किती कडक आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि गाडीच्या चारही कोपऱ्यांचा भार ज्यावर उभा राहतो त्या वस्तूविषयी इतके अज्ञान परवडणारे नाही.

मूळ स्प्रिंगचा वेढा ग्राइंडरने कापणे हा मार्ग तर कोणीही निवडू नये. कापलेल्या टोकाचा आकार बैठकीशी जुळत नाही, कापताना लागलेल्या उष्णतेने त्या जागचे पोलाद आपला गुण गमावते, आणि गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खोल खड्ड्यात उतरले की सैल झालेला स्प्रिंग बैठकीतून सरकू शकतो.

कोणत्या गाड्या एका घराण्यातील समजाव्यात?

चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड या तिघी सख्ख्या बहिणी आहेत, म्हणजे तिघींचा खालचा सांगाडा एकच आहे. मारुतीची स्विफ्ट आणि डिझायर, होंडाची जॅझ आणि सिटी, टाटाची टियागो आणि टिगोर, फोर्डची फिगो आणि ॲस्पायर या जोड्याही त्याच प्रकारच्या; पण पिढी एकच असली पाहिजे, कारण नाव तेच राहून खालचा सांगाडा बदललेला असतो. जुन्या गाड्यांमध्ये पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया ही चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फच्या पायावर उभी होती, आणि २००४ मध्ये भारतात आलेली ऑक्टाव्हिया आरएस ही तिचीच अधिक कडक आवृत्ती होती.

शोध घेताना सर्वांत आधी अशी कारखान्यातूनच कडक होऊन आलेली आवृत्ती पाहावी. २०१७ मध्ये फिगो आणि ॲस्पायर यांच्या स्पोर्ट्स आवृत्त्या आल्या, २०१८ मध्ये टिगोरची स्पोर्ट्स आवृत्ती टिगोर जेटीपी आली. टिगोर जेटीपीमध्ये सस्पेन्शन कडक केले होते, पण उंची मात्र अगदी थोडे मिलिमीटर कमी केली होती. आपल्या रस्त्यांचा अभ्यास असणाऱ्या अभियंत्यांनी हात इतका आखडता घेतला, ही गोष्ट स्वतःची गाडी ४० मिलिमीटर खाली घ्यायला निघालेल्याने जरूर विचारात घ्यावी.

हॅचबॅकचे स्प्रिंग सेडानला बसतात आणि गाडी खालीही येते. मग अडचण काय?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि माझी पहिली चूकही हीच होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्प्रिंगची मोकळी लांबी ही एक गोष्ट आणि त्याचा कडकपणा ही दुसरी. उदाहरण म्हणून समजा की गाडीच्या एका कोपऱ्यावर ३०० किलो भार आहे आणि स्प्रिंग दर अडीच किलोला १ मिलिमीटर दबतो. म्हणजे गाडी नुसती उभी असताना तो १२० मिलिमीटर दबलेला असतो. त्याच लांबीचा, पण दर ३ किलोला १ मिलिमीटर दबणारा स्प्रिंग लावला तर तो १०० मिलिमीटरच दबेल आणि गाडी २० मिलिमीटर वर येईल. म्हणूनच स्पोर्ट आवृत्तीचा स्प्रिंग कडक असतो आणि शिवाय आखूडही असतो. याउलट हलक्या गाडीचा मऊ स्प्रिंग जड गाडीखाली घातला तर गाडी खाली येते खरी, पण ती खाली येते याचा अर्थ इतकाच की स्प्रिंगला तो भार पेलवत नाही.

व्हेंटोचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) हॅचबॅक असलेल्या पोलोपेक्षा सुमारे १० सेंटीमीटरने लांब आहे आणि मागच्या चाकांच्याही मागे तिची मोठी डिकी आहे. मी पोलोचे मागचे स्प्रिंग घालून घेतले तेव्हा रिकामी गाडी इतकी देखणी दिसत होती की दोन दिवस मी इमारतीच्या गच्चीवरूनही तिच्याकडे पाहत होतो. पुढे गणपतीला गावी निघालो. गाडीत आम्ही चौघे, डिकीत कपड्यांच्या बॅगा, मखराचे सामान, नारळ आणि शिध्याची पिशवी. कशेडी घाटात पहिल्याच खराब पट्ट्यावर मागून 'धप्प' असा आवाज आला आणि मग तो थांबलाच नाही. स्प्रिंग संपून गाडी बंपस्टॉपवर (प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरी अडथळ्यावर) आदळत होती. वळणावर मागचे एक चाक बंपस्टॉपला टेकले की त्या बाजूचा कडकपणा क्षणात कित्येक पटीने वाढतो आणि गाडीचा मागचा भाग झटक्याने बाहेर सरकू पाहतो. ओल्या घाटात हा अनुभव मला पुन्हा नको आहे. मागे बसलेल्या आईने एकदाही तक्रार केली नाही, पण खेडला उतरल्यावर ती कंबर धरून उभी राहिली, आणि परत येताच मी ते स्प्रिंग काढून टाकले.

तेव्हा नियम असा की स्प्रिंग गाडी किती खाली येते ते पाहून नव्हे, तर तो किती भारासाठी बनवला आहे ते पाहून निवडावा. समान किंवा अधिक भारासाठी बनवलेला आणि तरीही लांबीने आखूड, असा स्प्रिंग सापडला तरच पुढे जावे.

डिझेल गाडीला पेट्रोल गाडीचे पुढचे स्प्रिंग लावावेत का?

नाही. डिझेल इंजिन जड असते, त्यामुळे वर सांगितलेलाच दोष पुढच्या बाजूला उद्भवतो, आणि पुढे ब्रेक लावताना भार आणखी वाढत असल्याने तो अधिक धोकादायक ठरतो.

समोर ठेवलेला स्प्रिंग नेमका कोणता आहे हे कसे ओळखावे?

बहुतेक कंपन्या स्प्रिंगच्या वेढ्यावर रंगाचे ठिपके किंवा पट्टे मारतात आणि त्या रंगांच्या जुळणीवरून भाग क्रमांक ठरतो. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि एसी यांच्या वजनानुसार वेगवेगळे स्प्रिंग असू शकतात, म्हणून "व्हेंटोचा स्प्रिंग द्या" एवढे सांगणे पुरेसे नाही. कुर्ला-कालिना पट्ट्यात सीएसटी रोडवर जुना माल पाहायला जाल तेव्हा सोबत चिंधी, थोडे रॉकेल आणि व्हर्नियर कॅलिपर न्यावा. चिखल पुसला की पिवळ्या किंवा करड्या रंगाचा पट्टा पुष्कळदा अजून शाबूत असतो. मग तारेची जाडी मोजावी, बाहेरचा व्यास मोजावा आणि मोकळे वेढे मोजावेत.

तारेची जाडी येथे फार महत्त्वाची आहे, कारण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. बाकी सर्व सारखे असताना १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी साडेबारा मिलिमीटरची तार असेल तर स्प्रिंग जवळजवळ १८ टक्क्यांनी कडक होतो. डोळ्यांना न दिसणारा हा अर्धा मिलिमीटर व्हर्नियरवर लगेच दिसतो. वेढ्यांची संख्या कमी असेल तरीही स्प्रिंग कडक असतो, आणि वेढ्याचा व्यास मोठा असेल तर मऊ.

जुना स्प्रिंग घेताना सर्वांत खालचा वेढा नखाने तपासावा. मुंबईच्या खाऱ्या हवेत, विशेषतः समुद्राजवळ वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये, त्या वेढ्यावरचे आवरण उडते, त्याखाली गंज धरतो आणि तेथूनच स्प्रिंग तुटतो. आवरण फुगलेले दिसले तर दुकानदार कितीही आग्रह करो, तो स्प्रिंग घेऊ नये. जुने शॉकअप मात्र मी मुळीच घेत नाही. ते नवेच असावेत.

फक्त स्प्रिंग बदलून मूळ शॉकअप ठेवले तर चालेल का?

१५ मिलिमीटरपर्यंत आणि शॉकअप चांगल्या स्थितीत असतील तर एक वेळ चालेल. त्यापुढे नाही. गाडी जितकी खाली येते तितका शॉकअपचा वर जाण्याचा प्रवास कमी उरतो, आणि मऊ स्प्रिंगसाठी जुळवलेला शॉकअप कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही. परिणामी एका गतिरोधकानंतर गाडी दोन-तीन वेळा झुलत राहते. म्हणून स्प्रिंग, शॉकअप आणि बंपस्टॉप हे एकाच आवृत्तीचे, पूर्ण संचाने घ्यावेत. पुढच्या स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचे) टॉप माउंट आणि बेअरिंग त्याच वेळी नवे घालावे, कारण ते बदलण्यासाठी पुन्हा तेवढेच खोलावे लागते.

एक तपासणी कधीही टाळू नये. गाडी उचलून चाके पूर्ण लोंबकळू द्यावीत आणि स्प्रिंग हाताने हलवून पाहावा. तो त्या स्थितीतही दोन्ही बैठकींमध्ये किंचित दबलेला असला पाहिजे. हाताने फिरत असेल तर त्या शॉकअपबरोबर तो स्प्रिंग चालणार नाही.

स्कोडा लॉरा, फोक्सवॅगन जेट्टा अशा पाचव्या पिढीच्या गोल्फच्या पायावरील गाड्यांमध्ये पुढच्या स्ट्रटची नळी काही गाड्यांत ५० मिलिमीटर तर काहींत ५५ मिलिमीटर व्यासाची असते, तेव्हा माल आणण्याआधी आपली नळी मोजून घ्यावी.

मुंबईत गाडी किती खाली घ्यावी?

माझ्या मते १५ ते २५ मिलिमीटर, आणि २५ हे केवळ कडक स्प्रिंग असतील तरच. हा आकडा आवडीचा नाही, हिशेबाचा आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. अडीच मीटरच्या आसपास व्हीलबेस असलेली सेडान अशा गतिरोधकावर मध्यावर येते तेव्हा तिची चारही चाके गतिरोधकावरच असतात, आणि पोटाखालची जागा केवळ ४८ मिलिमीटरच्या आसपास कमी होते. लोअर केलेल्या गाडीलाही तेवढे सहज जमते. अडचण येते ती सोसायटीच्या फाटकाजवळ किंवा गल्लीच्या तोंडाशी रातोरात घातलेल्या अरुंद, उभट उंचवट्यांमुळे. असा उंचवटा पूर्णपणे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये मावतो, त्यामुळे त्याची सगळी उंची पोटाखालून वजा होते.

समजा गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे आणि चार माणसे व सामान भरल्यावर ती ४० मिलिमीटर दबते. उरले १२५. १० सेंटीमीटरच्या अरुंद उंचवट्यावरून ती २५ मिलिमीटर राखून जाईल. आता गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली, पण स्प्रिंग २० टक्के कडक असल्याने भरल्यावर ती ३३ मिलिमीटरच दबली. उरले १०७, म्हणजे सावकाश, तिरकी घेतली तर निभावेल. तीच गाडी २० टक्के मऊ स्प्रिंगने २५ मिलिमीटर खाली घेतली तर भरल्यावर ५० मिलिमीटर दबेल, उरतील ९०, आणि इंजिनखालचा पत्रा त्या उंचवट्यावर खरडलाच म्हणून समजा. उंची दोन्ही वेळा सारखीच कमी केली होती, फरक फक्त कडकपणाचा आहे.

याशिवाय आपल्या इमारतीच्या पोडियमचा (पार्किंगच्या उंच मजल्याचा) उतार आधी पाहावा. उतार संपून सपाट जागा सुरू होते त्या काठावर पोट घासते आणि उताराच्या पायथ्याशी पुढचा बंपर. एकावर एक गाड्या ठेवणारी यांत्रिक पार्किंग व्यवस्था असेल तर तिच्या लोखंडी तबकाच्या कडेची उंचीही मोजावी. शेजारच्या इमारतीतील एका स्नेह्याची गाडी मुख्य रस्त्यावर कधी अडली नाही, पण स्वतःच्या जागी लावताना रोज घासू लागली आणि महिन्याभरात त्याने सगळे पूर्ववत केले.

गॅरेजमध्ये काम चालू असताना कशाकडे लक्ष द्यावे?

काम सुरू होण्यापूर्वी सपाट जागेवर, टायरमधली हवा नीट करून, चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरच्या झिजेचा फरक मध्ये येतो.

स्प्रिंग दाबण्यासाठी मिस्त्रीकडे नीट स्प्रिंग कंप्रेसर असावा. दोरखंड किंवा साखळी बांधून काम करणाऱ्याकडून उठून यावे, कारण दबलेला स्प्रिंग सुटला तर माणूस जिवाला मुकतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांमध्ये पुढचा स्ट्रट चाकाच्या नकलच्या (चाक धरून ठेवणाऱ्या भागाच्या) खाचेत घट्ट बसलेला असतो, आणि ती खाच किंचित फाकवायचे छोटे साधन लागते. ते नसेल तर हातोड्याचे घाव पडतात आणि बेअरिंगची वाट लागते.

सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट बुशची आहे. लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) आणि मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या तुळईचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातले रबर, धातूला चिकटवलेले असतात आणि पिळ सहन करून काम करतात. गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर रबर त्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी खाली उतरताच कायमचे पिळलेले राहते. असे बुश लवकर फाटतात. म्हणून त्या बोल्टांचे शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच करावे. मी स्वतः उभा राहून हे करून घेतले आणि मिस्त्रींनीही ते आपलेपणाने केले.

नंतर अलाइनमेंट पुरेसे आहे का?

अलाइनमेंट आवश्यक आहे, पण लगेच नव्हे; दोन-तीनशे किलोमीटर चालून स्प्रिंग बसल्यावर करावे. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत उंची कमी झाली की चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकतो, आणि टाय रॉडचा (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलल्याने टो (चाके समोरून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) बिघडतो. टायरची आतली कड झिजण्याचे मोठे कारण हा टो असतो. मागे टॉर्शन बीम (वर सांगितलेली तुळई) असेल तर तेथे सहसा जुळवण्यासारखे काही नसते.

यापलीकडे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली हेडलाइट : मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली आली तर प्रकाशाचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दुसरी, जुन्या काही गाड्यांमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा भारमापक व्हॉल्व्ह असतो. तो बॉडी आणि ॲक्सल यांच्यातील अंतरावरून गाडी भरलेली आहे की रिकामी हे ठरवतो. लोअर केलेली रिकामी गाडी त्याला भरलेली वाटते, मागच्या ब्रेकवर जास्त दाब जातो आणि मागची चाके आधी लॉक होतात. असा व्हॉल्व्ह असेल तर तो नव्या उंचीनुसार जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. तिसरी गोष्ट लोअर आर्मची : गाडी उभी असताना हे आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेले दिसू लागले तर गाडी फार खाली गेली आहे. अशा स्थितीत गाडी ज्या अक्षाभोवती झुकते तो अक्ष बॉडीपेक्षाही जास्त खाली सरकतो आणि उंची कमी करूनही गाडी वळणावर अधिक झुकू पाहते.

टायर बदलून उंची कमी होईल का?

१८५/६० आर १५ ऐवजी १९५/५५ आर १५ टायर घातले तर गाडी ४ मिलिमीटरपेक्षाही कमी खाली येते. त्यासाठी टायर बदलू नयेत.

पावसाळ्यात काय?

इंजिनासाठी हवा आत घेणारी नळी तेवढीच खाली येते. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे येथे पाणी भरल्याची बातमी असेल तेव्हा लोअर केलेली गाडी घरीच ठेवावी. पाण्यात इंजिन बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये. साचलेल्या पाण्याखाली उखडलेले पेव्हर ब्लॉकही असतात, आणि ते इंजिनखालच्या पत्र्याला लागतात.

हे कायदेशीर आहे का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाने गाडीत असा बदल करू नये की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांच्यात तफावत पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कठोरपणे वाचले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा भाग असला तरी तो तुमच्या मॉडेलचा नव्हे, हे लक्षात ठेवावे. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जेथे गाडी नोंदली आहे त्या आरटीओकडे कामाआधी लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे; न कळवल्यास अपघातानंतर दाव्यावर वाद होतो. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावू नये.

काढलेल्या मूळ भागांचे काय करावे?

विकू नयेत. गाडी विकताना किंवा तपासणीच्या वेळी ते परत लावावे लागतात. चारही स्प्रिंग धुऊन, वाळवून, त्यांना हलका तेलाचा हात द्यावा, जुन्या चादरीत वेगवेगळे गुंडाळावे, आणि प्रत्येकाला पुढचा की मागचा, डावा की उजवा याची चिठ्ठी बांधावी. रंगाच्या पट्ट्यांचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण माळ्यावर दोन-तीन पावसाळे गेले की ते पट्टे पुसट होतात. शॉकअप मात्र आडवे न टाकता उभे ठेवावेत.